फिरत्या पंख्याची तक्रार

"मॅडम, फॅन गेला."

सोलापुरात मार्च लागला की हा फोन सुरू होतो. संगणक दुरुस्तीत माझं निम्मं आयुष्य गेलं, आता दुकान भाच्याच्या हवाली केलंय, तरी जुनी गिऱ्हाइकं अजून मलाच फोन लावतात.

"कुठला फॅन?"

"आतला. डब्यातला."

"झाकण काढून बघितलंत का? फिरतोय का?"

"फिरतोय की."

"मग गेला कसा?"

"अहो, स्क्रीनवर तसं येतंय ना!"

डोळ्यांसमोर गरगर फिरणारा पंखा खोटा आणि पडद्यावरची दोन वाक्यं खरी, अशी आपल्या माणसांची श्रद्धा आहे. ती वाक्यं इंग्रजीत असतात, हेही कारण असेल. संगणक चालू केला की विंडोज यायच्या आधी काळा पडदा येतो आणि त्यावर पांढरी अक्षरं उमटतात: सीपीयू फॅन एरर, पुढे जायचं असेल तर एफ वन दाबा. मग लोक एफ वन दाबतात आणि पुढे जातात. वर्षानुवर्षं जातात. एका क्लासच्या सरांनी तर मुलांना संगणक सुरू करायची पहिली पायरी म्हणून एफ वन शिकवलं होतं, आणि परीक्षेत ते न लिहिणाऱ्यांचे मार्क कापले होते. मी त्यांचा संगणक दुरुस्त केला तेव्हा ते खूश झाले नाहीत. "आता शिकवलेलं परत कसं घेऊ?" म्हणाले.

मी हा धंदा सुरू केला तेव्हा दुकानात येणारा माणूस आधी माझ्याकडे बघायचा, मग माझ्या मागे बघायचा. मिस्त्री कुठं बसलाय ते शोधायचा. माझ्या मागे फक्त कपाट होतं. नंतर लोकांना सवय झाली. "बाई आहेत, पण बरं करतात," अशी माझी कीर्ती पसरली. तिच्यातल्या 'पण'सकट मी ती स्वीकारली.

तर हे फॅन प्रकरण नेमकं काय असतं ते सांगते. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो काम करताना तापतो, म्हणून त्याच्या डोक्यावर एक छोटा पंखा बसवलेला असतो. पंख्याच्या दोन वायरी त्याला वीज देतात आणि तिसरी वायर मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य पाटीला, सांगत राहते की मी फिरतोय, इतक्या वेगानं फिरतोय. संगणक सुरू होताना बोर्ड हजेरी घेतो. या वायरीवरून उत्तर आलं नाही, किंवा आलेला वेग फारच कमी वाटला, तर तो ओरडतो. आता पंखा खरंच बंद असेल तर ओरडणं योग्यच. पण पुष्कळदा पंखा फिरत असतो आणि निरोप तेवढा पोचत नसतो. तिसरी वायर तुटलेली असते. ग्रीस वाळल्यामुळे पंखा सुरुवातीला सुस्त असतो आणि हजेरी संपल्यावर वेग घेतो. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो आणि बोर्ड सगळ्या सेटिंग विसरून गेलेला असतो. किंवा पंख्याची पिन भलत्याच जागी खोचलेली असते.

म्हणून मी आधी झाकण उघडून डोळ्यांनी बघते. मग बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरचं तापमान बघते, मग पिन, मग धूळ, मग वेगाची मर्यादा. तिथंच आणखी एक सेटिंग असतं: 'इग्नोर'. ते केलं की ओरडणं कायमचं बंद. पुष्कळ कारागीर तेवढंच करून हात झटकतात. मी कधी केलं नाही. उद्या पंखा खरोखर थांबला तर सांगणाऱ्याचं तोंड आपणच बांधून ठेवलेलं असतं.

एवढी तत्त्वं सांगितल्यावर आता अंबादासशेठच्या कारखान्याची गोष्ट सांगायला हरकत नाही. ती दोन उन्हाळ्यांपूर्वीची आहे.

अक्कलकोट रस्त्याला एमआयडीसीत शेठचा टॉवेलचा कारखाना. पत्र्याची मोठी शेड, तिच्यात मागांची खटखट, आणि शेडला लागून एक खोली. त्या खोलीत संगणक. टॉवेलच्या काठावरची नक्षी त्याच संगणकावर तयार होऊन मागावर जायची, म्हणून शेठ त्याला जपायचे. फोन त्यांनी स्वतः केला.

"मॅडम, पुढच्या आठवड्यात परदेशी पार्टीचा माणूस फॅक्टरी बघायला येतोय. त्याच्यासमोर कंप्युटर चालू केला आणि एरर आलं तर माझी काय इज्जत राहिली? तेवढं घालवा."

"कधीपासून येतंय?"

"दोन वर्षं झाली असतील की. आम्ही सगळे उपाय केले. तुम्ही येऊन बघा तरी."

मी गेले. खोलीच्या दाराशी चपला काढून ठेवलेल्या होत्या. मीही काढल्या. आत पाऊल टाकलं आणि अंगावर काटा आला, इतकं गार. भिंतीवर एसी. खिडकीत एक्झॉस्ट. संगणकाच्या डाव्या बाजूला उंच दांड्याचा पंखा, उजव्या बाजूला तसलाच दुसरा, दोन्ही पूर्ण वेगात. मधे टेबलावर संगणक, एका बाजूचं झाकण काढलेलं, वारा खात बसलेला. देवाला सुद्धा एवढी हवा कुणी घालत नसेल.

टेबलाजवळ खुर्चीवर पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. हातात सुताच्या कांड्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या नळ्या, मांडीवर टोपलं.

"तुम्ही इथं काय करता?" मी विचारलं.

"फॅन बघते," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"समदे फॅन चालू हायत का न्हाय ते बघायचं. एखादा बंद पडला तर मुनीमजींना सांगायचं. ड्युटी हाय माझी."

त्यांचं नाव रेणुकाबाई. बोलता बोलता हात चालूच होते. कांड्यांवरचे उरलेसुरले धागे सोडवून त्या कांड्या साफ करत होत्या.

एवढ्यात मुनीम बसवराज चहा घेऊन आला. शेठचा हिशेब, हजेरी, माल, सगळं हा एकटा सांभाळायचा. अक्कलकोटकडचा, बोलण्यात कानडी हेल.

"मॅडम, सावकाश बघा. काय गडबड न्हाय. आज न्हाय झालं तरी चालतंय."

या धंद्यात मला सगळ्या प्रकारची गिऱ्हाइकं भेटली. कालच का नाही केलं म्हणणारी भेटली, मीच बिघडवलं म्हणणारी भेटली. आज नाही झालं तरी चालेल म्हणणारा हा पहिलाच.

"शेठ तर घाईत आहेत," मी म्हटलं.

"शेठ घाईतच असतात. मशीन जुनं हाय, मॅडम. ते काय दुरुस्त व्हायचं न्हाय. तुमी उगं तरास करून घेऊ नका. चहा घ्या."

चहा घेतला आणि बॅटरीचा उजेड पाडून आत बघितलं. प्रोसेसरवरचा पंखा झकास फिरत होता. तापमान बघितलं, तर प्रोसेसर माझ्यापेक्षा गार. पिन बघितली आणि हसूच आलं. आधीच्या कुणा कारागिरानं नवा पंखा बसवताना त्याची पिन शेजारच्या जागी खोचली होती. ती जागा डब्याच्या पंख्याची. वीज तिथंही मिळते, म्हणून पंखा फिरायचा. पण बोर्ड हजेरी घ्यायचा मूळच्या जागेवर, आणि तिथं कुणीच नसायचं. दोन वर्षं तो रोज सकाळी ओरडत होता, आणि त्याच्या ओरडण्यापायी खोलीत एकेक पंखा वाढत होता.

संगणक बंद केला. पिन काढून बरोबर जागी बसवली. पंख्याच्या पात्यांवर आणि खालच्या जाळीवर सुताचा बारीक कापूस बसून घोंगडीसारखा जाड थर झाला होता, तो ब्रशनं काढला. चालू केला. काळा पडदा आला आणि गेला. सरळ विंडोज.

"गेली का ती अक्षरं?" रेणुकाबाईंनी विचारलं.

"गेली."

"परत न्हाय येणार?"

"नाही. काळजी करू नका."

 त्या हातातली कांडी टोपल्यात ठेवून पंख्याकडे बघत बसल्या. बसवराज दाराला टेकून उभा होता. माझं काम उरकल्यावर गिऱ्हाइकाच्या तोंडावर जे दिसतं, ते या दोघांच्या तोंडावर नव्हतं. घरात कुणाचं तरी दुखणं निघाल्यासारखे दोघांचे चेहरे.

"काय झालं?" मी विचारलं.

"जरा बाहेर या की मॅडम," बसवराज म्हणाला.

त्यानं शेडचं दार उघडलं. भट्टीचं तोंड उघडावं तशी झळ आली. डोक्यावर तापलेला पत्रा, खाली मागांची रांग, हवेत कापूस तरंगणारा. मागांवर पुरुष, कोपऱ्यात कांड्या भरणाऱ्या बाया. घाम पुसायलाही कुणी थांबत नव्हतं.

"ते दोन उंच फॅन हाय की न्हाय, ते हितले," बसवराज मागांच्या आवाजावर ओरडून सांगत होता. "कंप्युटर फॅन मागतोय म्हणून शेठनी उचलून आत नेले. मी म्हटलं, माणसांचं काय? शेठ म्हणाले, माणसं काय तक्रार करतात का? कंप्युटर करतोय."

मग बाहेर येऊन त्यानं बाकीचं सांगितलं. आदल्या उन्हाळ्यात रेणुकाबाई कांड्यांच्या मशीनजवळ चक्कर येऊन पडल्या. त्यांना रक्तदाबाचा त्रास. शेठ म्हणाले, जमत नसेल तर घरी बसा. घरी बसून चालण्यासारखं नव्हतं; नवरा अंथरुणाला खिळलेला. तेव्हा बसवराजनं डोकं चालवलं. शेठकडे जाऊन म्हणाला, शेठ, एवढे फॅन लावलेत खरे, पण एखादा बंद पडला आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही तर कंप्युटर जळेल, तिथं माणूस बसवायला पाहिजे. शेठना ते पटलं. रेणुकाबाईंना गार खोलीत बसून करायचं हलकं काम मिळालं. पुढे दुपारच्या वेळी ज्याला त्रास होईल त्याला बसवराज आळीपाळीनं 'फॅन बघायला' पाठवू लागला. एका एररवर अख्ख्या शेडचा उन्हाळा निघत होता.

"मला आधी सांगायचं नाही का?" मी म्हटलं.

"कसं सांगू? तुमी शेठच्या बाजूच्या का आमच्या, काय म्हाईत? आणि तुमी यवढ्या झटक्यात कराल असं वाटलं न्हाय."

त्यानं ते कौतुकानं म्हटलं नव्हतं.

पिन परत चुकीच्या जागी खोचायला मला एक क्षणही लागला नसता. खोटं का सांगू, हात तिकडे गेलाही असता. पण तेवढ्यात शेठ आले. त्यांनी संगणक स्वतःच्या हातानं बंद केला, चालू केला, परत बंद केला, परत चालू केला. विंडोज आलं तसे टाळी वाजवून म्हणाले, "वा! काय झालं होतं?"

"पिन चुकीच्या जागी होती. पंखा पहिल्यापासून चालू आहे."

"म्हणजे गरम होतच नव्हता?"

"नाही."

"मग एवढे फॅन?"

"लागत नव्हते. मात्र कापूस आत जातो, तेवढं बघायला हवं. झाकण लावून ठेवा आणि खोली बंद असू द्या. एसी असला तर उत्तमच." एसी तरी राहावा म्हणून मी घाईघाईनं जोडलं. ते खोटंही नव्हतं.

"एसी राहू द्या. पण फॅन बघायला माणूस?"

रेणुकाबाई माझ्याकडे बघत होत्या. बसवराज जमिनीकडे बघत होता.  विचारलेला प्रश्न माझ्या धंद्यातला होता आणि त्याचं उत्तर एकच होतं.

"माणूस लागत नाही," मी म्हटलं.

"ऐकलं का बसवराज? वर्षभर एक माणूस नुसता बसून. रेणुका अक्का, उद्यापासून मशीनवर जावा. आणि हे दोन फॅन माझ्या केबिनला लावा."

रेणुकाबाईंनी टोपलं उचललं. माझ्या जवळून जाताना म्हणाल्या, "चांगलं काम करता हो बाई तुमी." त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते मला दोन दिवस घरी पुरलं. उत्तम काम केल्याचं एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

पाहुणा येणार त्या दिवशी शेठनी मला बोलावून घेतलं. ऐन वेळी काही झालं तर जवळ असाव्यात म्हणून. संगणकाला हार घातला होता. मी तो काढायला लावला. फुलाची पाकळी आत गेली तर खरंच एरर येईल म्हटल्यावर लगेच काढला.

पाहुणा म्हणजे परदेशी पार्टीनं नेमलेला मुंबईचा तरुण साहेब. हिंदी बोलणारा, गळ्यात कॅमेरा. शेठ त्याला थेट संगणकाकडे नेऊ लागले. "आइये, सर, पहले हमारा कंप्युटर देखिये. एकदम ओके."

"कंप्यूटर बाद में," तो म्हणाला. "पहले शेड."

शेठचा चेहरा पडला. ज्याच्यासाठी एवढी तयारी केली ते बघायला कुणाला सवड नव्हती. साहेब शेडमध्ये शिरला आणि दोन मागांपर्यंत पोचेतो त्याचा सदरा पाठीला चिकटला. रुमाल काढून त्यानं मान पुसली, वर पत्र्याकडे बघितलं, मग आजूबाजूला बघितलं.

"यहाँ पंखे नहीं हैं?"

"हैं, सर, हैं," शेठ म्हणाले. "मेरे केबिन में."

हे त्यांनी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. बसवराजनं डोळे मिटून घेतले.

आणि तेवढ्यात कांड्यांच्या कोपऱ्यात बायांचा गलका झाला. रेणुकाबाई मशीनचा आधार घेत खाली बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे. मी धावले. हात गार पडले होते. कुणी पाणी आणलं, कुणी पदरानं वारा घालू लागली. नाटक करायला सांगितलं असतं तरी त्या बाईंना जमलं नसतं. तीन दिवस त्या मशीनवर उभ्या होत्या, बस.

साहेबाचा चेहरा बदलला. तो वाकून बघू लागला, मग शेठकडे वळून म्हणाला, "ऐसा होता है तो इन लोगों को कहाँ बिठाते हैं?"

शेठनी तोंड उघडलं. त्यातून काय बाहेर पडलं असतं देव जाणे. पण बसवराज मधे आला.

"है ना साब! रूम है! एसी रूम है!"

आणि त्यानं मला खुणावलं. आम्ही दोघांनी रेणुकाबाईंना धरून उठवलं आणि त्या संगणकाच्या खोलीत नेलं. एसी चालू होताच. त्यांना त्यांच्याच जुन्या खुर्चीवर बसवलं, पाय टेबलाच्या आडव्या दांडीवर ठेवले, डोक्याला ओलं फडकं बांधलं. साहेब दारात उभा राहून सगळं बघत होता.

"ये कामगारों का रेस्ट रूम है?" त्यानं विचारलं.

"हाँ साब. पिछले साल से है," बसवराज म्हणाला. आणि यात एकही शब्द खोटा नव्हता.

"और ये कंप्यूटर?"

आता शेठ भानावर आले. व्यापारी माणूस; दार कुठल्या बाजूला उघडतंय ते त्यांना एकदा दिसलं की मग मागे वळत नाहीत. "वो तो ऐसेच रखा है, सर," ते म्हणाले. "कामगारों के मनोरंजन के लिए."

साहेबानं रिपोर्टसाठी फोटो काढले. खोलीचा काढला, एसीचा काढला, पाणी पिणाऱ्या रेणुकाबाईंचा काढला. शेठ प्रत्येक फोटोत होते. संगणक कुणी चालू करून बघितला नाही.

रेणुकाबाईंना मी रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बाटली लावली, गोळी बदलून दिली आणि उन्हात काम नको म्हणून बजावलं. संध्याकाळपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. "मशीन चालू हाय का ओ?" हे पहिलं विचारलं. कुठलं मशीन ते मी विचारलं नाही.

नंतर पुढच्या महिन्यात शेठनी परत बोलावलं. संगणक आता त्यांच्या केबिनमध्ये हलवायचा होता. मी गेले तर त्या खोलीच्या दारावर रंगवलेली नवी पाटी: कामगार विश्रांती कक्ष. आत सतरंजी, पाण्याचा माठ, आणि दोन बाया निवांत भाकरीचं फडकं सोडून बसलेल्या. रेणुकाबाई खुर्चीवर, मांडीवर कांड्यांचं टोपलं.

"या बाई. जेवता का? कडक भाकरी हाय, शेंगाचटणी हाय."

मी बसले. शेडमध्ये डोकावून बघितलं तर ते दोन उंच पंखे परत आपल्या जागी उभे. शेठ तिथूनच जात होते, मला बघून थांबले.

"बघितलं का मॅडम? कामगारांसाठी केलं सगळं. मला पहिल्यापासून वाटत होतं."

"फारच छान केलंत," मी म्हटलं.

"आता ठेवावंच लागतंय की," ते आवाज खाली आणून म्हणाले. "तो साहेब जाताना बसवराजला सांगून गेलाय, मी न सांगता कधीपण परत येईन म्हणून. आला आणि एसी बंद दिसला तर ऑर्डर गेली. काय करणार?"

ते गेल्यावर मी बसवराजला गाठलं. तो गेटजवळ गाडीत टॉवेलचे गठ्ठे चढवून घेत होता.

"काय हो, साहेब खरंच तसं म्हणाला का? न सांगता परत येईन म्हणून?"

बसवराजनं एक गठ्ठा नीट सरकवला, हात झटकले आणि माझ्याकडे बघून म्हणाला,

"म्हणायला पायजे होतं की त्यांनी, मॅडम. गडबडीत राहून गेलं असंल."